गहुलीचे वसंतराव नाईक

यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर भागात नेर हे गाव आहे. तेथून दारव्हा आणि दिग्रस ही गावे मागे टाकून दक्षिणेकडे गेले म्हणजे पुसदचा मुलूख लागतो. वाटेत दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली दिसते. पावसाळ्यात ती कपाशी, ज्वारी आणि तूर या पिकांनी झाकून जाते. पुसद जवळ आले की जमीन उंचसखल होऊ लागते आणि डोंगरांच्या रांगा दिसू लागतात. याच मुलखात गहुली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १ जुलै १९१३ रोजी एका शेतकरी कुटुंबात वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. पुढे हेच वसंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि सलग ११ वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याचा कारभार पाहिला.

वसंतरावांचा जन्म बंजारा समाजात झाला होता. रेल्वे येण्यापूर्वी देशातील पुष्कळशी मालवाहतूक बंजारा लोकच करीत. हजारो बैलांच्या पाठीवर धान्याच्या व मिठाच्या गोणी लादून त्यांचे तांडे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात. या व्यापाराला ते लदेणी म्हणत. सैन्याला रसद पुरवावी, दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवावे, हे त्यांचे परंपरागत काम होते. इंग्रजी अमदानीत आगगाडी सुरू झाली आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार बुडाला. पिढ्यान् पिढ्या फिरत राहिलेल्या या लोकांना आता कोठे थांबावे आणि काय करून पोट भरावे, हा प्रश्न पडला. त्यातच इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. त्यामुळे फिरत्या लोकांकडे सर्वत्र संशयाने पाहिले जाऊ लागले.

अशा कठीण काळात वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी आपल्या लोकांना एकत्र करून गहुलीला वस्ती केली. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. तांड्यातील तंटे मिटवणे, अडल्यानडल्याला आधार देणे आणि सर्वांना बरोबर घेऊन चालणे ही नाईकाची कर्तव्ये असत. चतुरसिंगांच्या मागून त्यांचे पुत्र फुलसिंग यांनी ही जबाबदारी सांभाळली. फुलसिंग हे वसंतरावांचे वडील. धान्य वाहून नेणारा हा समाज आता धान्य पिकवू लागला होता. नांगरलेली जमीन, मृगाच्या पावसाची वाट पाहणारे डोळे, पीक हाती आले नाही तर घरावर येणारी अवकळा, हे सारे वसंतरावांनी लहानपणापासून पाहिले.

त्या काळी खेड्यापाड्यांत शाळा फार थोड्या होत्या. तांड्यातील मुलाने शाळेत जावे, ही कल्पनाच अनेकांना नवी होती. प्राथमिक शिक्षणासाठी वसंतरावांना आसपासच्या निरनिराळ्या गावी जावे लागले. पुढील शिक्षण त्यांनी अमरावती आणि नागपूर येथे घेतले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले व १९४० साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. या काळात महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. शेतकरी कष्ट करतो आणि तरीही कर्जात बुडतो, याची कारणे फुल्यांनी आपल्या लेखनातून स्पष्ट करून दाखवली होती. वसंतरावांना ती पुस्तकी वाटली नाहीत, कारण तसे शेतकरी त्यांच्या ओळखीचेच होते.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर केली. पंजाबराव हे वऱ्हाडातील शेतकऱ्यांचे थोर पुढारी होते. पुढे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून त्यांनी दहा वर्षे काम केले. त्यांच्या सहवासाचा लाभ वसंतरावांना तरुणपणीच झाला. काही काळानंतर वसंतराव पुसदला आले आणि तेथे वकिली करू लागले. त्यांच्याकडे येणाऱ्या पक्षकारांत गरीब शेतकरी पुष्कळ असत. कोणाची जमीन सावकाराकडे अडकलेली असे, तर कोणाचा धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद असे. कायदा न कळल्यामुळे माणूस किती नाडला जातो, हे वसंतरावांना या कामातून उमगले.

१९४१ साली नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय होता. त्या काळी असे विवाह समाजाला रुचत नसत, म्हणून या विवाहालाही विरोध झाला. परंतु दोघेही आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. पुढे वत्सलाबाईंनी तांड्यांतील स्त्रियांमध्ये मिसळून त्यांच्या सुधारणेसाठी काम केले.

पुसदमध्ये वसंतराव सार्वजनिक कामांत पडले. १९४६ साली ते तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी विदर्भ हा मध्यप्रदेश राज्याचा भाग होता. वसंतराव पुसदमधून निवडून आले आणि त्या राज्याचे महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा त्यांच्याकडे सहकार व नंतर शेती ही खाती आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि वसंतराव नव्या राज्याचे महसूलमंत्री झाले.

या काळात त्यांच्या हातून दोन महत्त्वाची कामे झाली. एका कुटुंबाकडे जास्तीत जास्त किती जमीन असावी, याची मर्यादा ठरवणारा कायदा १९६१ साली झाला. मर्यादेपेक्षा अधिक असलेली जमीन काढून घेऊन ती भूमिहीनांना द्यावी, असा त्याचा उद्देश होता. दुसरे काम खेड्यांच्या कारभाराचे होते. गावचा रस्ता, गावची शाळा, गावचा दवाखाना यांविषयीचे निर्णय दूर राजधानीत न होता जिल्ह्यातच व्हावेत, यासाठी काय करावे हे सुचवण्याकरिता सरकारने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष वसंतराव होते. समितीच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. खेड्यांतील हजारो मुले ज्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात, त्या शाळांच्या कारभाराचा पाया असा घातला गेला.

१९६३ च्या नोव्हेंबर महिन्यात मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. त्यांच्या जागी वसंतरावांची निवड झाली आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. तांड्यात वाढलेला शेतकऱ्याचा मुलगा राज्याचा प्रमुख झाला. ही गोष्ट आनंदाची होती, पण समोर उभा असलेला काळ मात्र आनंदाचा नव्हता.

त्या वर्षांत देशाला पुरेल इतके धान्य देशात पिकत नव्हते. अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत, तेव्हा शहरांतील शिधावाटप दुकानांत धान्य मिळे. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्याच वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही देशाच्या फार मोठ्या भागात पाऊस अपुरा पडला. धान्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या देशाला आपले निर्णयही स्वतंत्रपणे घेता येत नाहीत, हे या काळात सर्वांनाच कळून चुकले. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते.

महाराष्ट्राची स्थिती तर अधिकच बिकट होती. येथील बहुतेक शेती पावसावर अवलंबून होती. विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी फार थोड्या शेतांना मिळे. अशा वेळी, १९६५ साली, पुण्यात शनिवारवाड्यापुढे झालेल्या सभेत वसंतरावांनी एक प्रतिज्ञा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला खुशाल फासावर चढवावे, असे त्यांनी हजारो लोकांसमोर सांगितले. सत्तेवर असलेला माणूस सहसा असे बोलत नाही. त्या शब्दांनी सभेतील लोक स्तब्ध झाले आणि सारे राज्य जागे झाले.

प्रतिज्ञा करणे सोपे होते. धान्य पिकवणे अवघड होते. जमीन वाढवता येत नव्हती, तेव्हा आहे त्याच जमिनीतून अधिक पीक काढणे हाच मार्ग होता. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी ज्वारीचे संकरित बियाणे तयार केले होते. दोन निरनिराळ्या वाणांचा संकर करून असे बियाणे मिळवतात. त्याला खत आणि वेळेवर पाणी मिळाले तर जुन्या वाणापेक्षा कितीतरी अधिक दाणा येतो. वसंतरावांनी या बियाण्याचा प्रसार करण्याचा ध्यास घेतला. ते गावोगाव जात, शेताच्या बांधावर उभे राहून शेतकऱ्यांशी बोलत. बियाणे, खत, औषध आणि कर्ज ही चारही साधने पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे.

शेतकऱ्यांच्या मनात मात्र शंका होत्या, आणि त्या निराधार नव्हत्या. जुन्या ज्वारीचे बी घरच्या कणगीत ठेवता येई, परंतु संकरित बियाणे दरवर्षी नवे विकत घ्यावे लागे. नवे वाण लवकर तयार होई, त्यामुळे उशिराच्या पावसात सापडून दाणे काळे पडत. ताटे आखूड असल्याने गुरांना कडबा कमी मिळे. भाकरीला पूर्वीची गोडी नाही, अशीही तक्रार होती. वसंतराव स्वतः शेतकरी असल्यामुळे या अडचणी त्यांना समजत. चांगल्या वाणांसाठी संशोधन करणारे लोक आपल्याच मातीत तयार झाले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत १९६८ साली राहुरी येथे आणि १९६९ साली अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९७२ साली दापोली व परभणी येथेही कृषी विद्यापीठे सुरू झाली. कोकणातील भात, मराठवाड्यातील ज्वारी आणि विदर्भातील कपाशी यांचे प्रश्न निराळे आहेत, म्हणून त्या त्या भागात त्यांचा अभ्यास व्हावा, हा त्यामागील हेतू होता. अकोल्याच्या विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्याबरोबर वसंतरावांनी आपल्या वकिलीस आरंभ केला होता, त्यांचे हे उचित स्मारक झाले.

दोन वर्षांची मुदत सरली, तेव्हा राज्याची धान्याची तूट पुरती भरून निघालेली नव्हती. पावसाने साथ दिली नव्हती आणि कोरडवाहू जमिनीचा स्वभाव एका प्रतिज्ञेने बदलणारा नव्हता. पण शेतकरी नव्या बियाण्याकडे व खतांकडे वळला होता. वसंतरावांनी प्रयत्न सोडला नाही, आणि लोकांनीही त्यांच्यावरील विश्वास सोडला नाही. १९६७ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ सालीही त्यांनाच हे पद मिळाले.

खरी कसोटी यानंतर लागली. १९७० पासून राज्याच्या अनेक भागांत पाऊस कमी होत चालला होता. १९७२ साली तर त्याने जवळजवळ पाठच फिरवली. सोलापूर, सांगली, बीड अशा जिल्ह्यांत विहिरी कोरड्या पडल्या, शेते करपली आणि चाऱ्यावाचून गुरे तडफडू लागली. पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेले बैल मातीमोल किमतीला विकण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. वऱ्हाडातील वृद्ध माणसांनी १८९९-१९०० सालच्या भयंकर दुष्काळाच्या कथा आपल्या वडिलांकडून ऐकल्या होत्या. त्या वेळी असंख्य माणसे अन्नावाचून मेली होती. १९४३ साली बंगालमध्येही लाखो माणसे अशीच दगावली होती. आता महाराष्ट्रात काय होणार, ही चिंता सर्वांना लागली.

दुष्काळात केवळ धान्य नसते म्हणूनच माणूस उपाशी राहतो असे नाही. पीक गेले की शेतमजुराचे काम जाते, काम गेले की मजुरी जाते आणि मग बाजारात धान्य असूनही ते विकत घेता येत नाही. म्हणून दुष्काळात फुकट धान्य वाटण्यापेक्षा माणसाच्या हाताला काम द्यावे, असा विचार वसंतरावांच्या सरकारने केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना पूर्वीच मांडली होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा एक लहानसा प्रयोगही झाला होता. काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम देणारी रोजगार हमी योजना सरकारने १९७२ साली हाती घेतली, आणि लगेच दुष्काळाचे संकट कोसळले.

सरकारने दुष्काळी कामे गावोगाव उघडली. पाझर तलाव खोदले जाऊ लागले, नाल्यांना बांध पडू लागले, रस्त्यांसाठी खडी फुटू लागली. पाझर तलावात अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि त्याच्या खालच्या बाजूच्या विहिरींना पाझर फुटतो. म्हणजे आज मजुरी देणारे काम उद्या पाणी देणार होते. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकले नव्हते, असे जमीनदार शेतकरीही हातात घमेले घेऊन मजुरांच्या रांगेत उभे राहिले. कामावर पौष्टिक सुकडी वाटली जाई. दुकानांतून परदेशी लाल मिलो ज्वारी मिळे. ती कोणाला आवडत नसे, पण तिच्यावर दिवस निभावत.

वसंतराव या काळात दुष्काळी भागांत सतत फिरत होते. लोकांचे हाल झाले नाहीत असे नाही. मजुरी थोडी होती, ऊन कडक होते आणि पाणी मैलोन् मैल दुरून आणावे लागे. परंतु पूर्वीच्या दुष्काळांत जशी माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली, तशी पाळी या दुष्काळात आली नाही. पुढे जगातील अनेक अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्राच्या या कामगिरीचा अभ्यास केला.

विदर्भातील कापूस उत्पादकांसाठीही याच काळात एक मोठा निर्णय झाला. सुगीच्या दिवसांत सगळ्यांचा कापूस एकदमच बाजारात येई, व्यापारी भाव पाडीत, आणि कर्जाच्या ओझ्यामुळे शेतकऱ्याला थांबता येत नसे. म्हणून १९७२ साली सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याचा सारा कापूस सरकारी यंत्रणेने ठरलेल्या भावाने विकत घ्यावा, अशी ती योजना होती. पुढे या योजनेत तोटा येऊ लागला आणि कालांतराने ती मागे पडली. तरीही कष्टाच्या पिकाला भावाची शाश्वती असावी, ही त्यामागील दृष्टी यवतमाळच्या कापसाच्या शेतातूनच आलेली होती.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी वसंतराव मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले. १९७७ साली ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि काम मागणे हा खेड्यातील माणसाचा हक्क ठरला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसाच कायदा झाला. त्याच १९७९ साली, १८ ऑगस्ट रोजी, सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले.

वसंतरावांची १ जुलै ही जन्मतिथी महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळली जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली त्यांचे नाव देण्यात आले. जुलैच्या आरंभी मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो आणि गहुलीपासून नेरपर्यंतच्या काळ्या शेतांत नुकतीच पेरणी झालेली असते. शेतकऱ्याची नजर आभाळाकडे असते. त्या वर्षी पाऊस पडेल की नाही, हे कोणाच्याच हाती नसते. पण पाऊस पडला तर पीक अधिक यावे आणि न पडला तर कोणी उपाशी मरू नये, हे माणसांच्या हाती आहे. वसंतरावांनी आपले आयुष्य त्यासाठी वेचले.